कानखान्याची हिरवी खोकी

शुक्रवार, ५ जून

मामा,

रिकाम्या पेटीत पाकीट निघालं म्हणून दचकू नकोस. परवा फोन केला तेव्हा पाच मिनिटं तू नुसतं हो हो करत होतास. शेवटी मामीने फोन घेतला आणि म्हणाली, "याला काहीएक ऐकू गेलेलं नाही, तू आपलं लिहून कळव." सगळ्या कंपनीचे कान तपासणाऱ्या माणसाने स्वतःचा डावा कान एकदाही डॉक्टरला दाखवू नये, याला काय म्हणावं? तेव्हा आता पत्रं. नमुन्यांची पेटी दर मंगळवारी तुझ्याकडून इकडे मुख्य कचेरीत येते आणि शुक्रवारी रिकामी परत जाते. गाडीवाले काका म्हणाले, चार कागदांचं काय ओझं होणार, टाक.

बातमी अशी की दोन महिन्यांपूर्वी मला नियोजन विभागात घेतलं. सातवा मजला, चारी बाजूंनी काच. जांभई दिली तरी दहा जणांना दिसते. पहिल्याच बैठकीत मी सवयीने "कान" म्हणाले आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. मग सांगावं लागलं की आपल्या सलाईनच्या पंपात नळीला चिमट्यासारखा बसणारा नखाएवढा सेन्सर असतो, नळीतून हवेचा बुडबुडा जायला लागला की तो ऐकतो आणि पंप जागच्या जागी थांबवतो, त्याला तिकडे कान म्हणतात. आणि जिथे तो बनतो तो कानखाना. धाकटे साहेब हसले. म्हणाले, "वडील असंच काहीतरी म्हणायचे."

त्या कानखान्याच्या तपासणीच्या खोलीत बसून मी पाचवी ते दहावीचा अभ्यास केला आणि तिथला प्रमुख माझा मामा आहे, हे मी बोलले नाही. लपवलं असं नाही. कुणी विचारलं नाही.

एक विचारायचं होतं, अगदी सहज. तुमच्या महिन्याच्या तक्त्यात शंभर तासांतले चाळीस तास "फेरतपासणी" या रकान्यात पडतात. म्हणजे झालेलं काम पुन्हा करायचं. इतकं कशामुळे? मला एक टिपण लिहायचंय, त्यात एक ओळ घालायची आहे.

कान दाखव.

तुझी भाची


मंगळवार, ९ जून

चि. चौकशीस आशीर्वाद.

सहावीत असताना मामीने तुला हे नाव ठेवलं ते उगीच नाही. जित्याची खोड आहे. आणि ताकाला जाऊन भांडं लपवायची सवयही जुनीच. चाळीस तासांची गोष्ट कुणी सहज विचारत नसतं. वरून कुणीतरी विचारायला लावलंय, एवढं मला एका कानानेसुद्धा ऐकू येतं.

तर लिही: चूक आमची. चार मुली नवीन आहेत, हात अजून बसायचाय. सुईबाई साठीला टेकल्या. केसाएवढी तार सुईच्या टोकाने टाचायची आणि त्यात चष्म्याचा नंबर वाढत चाललाय. मग होतं खालीवर, करावं लागतं पुन्हा. वर्षअखेर चाळीसाचे पंचवीस करून दाखवतो. खाली माझं नाव घाल हवं तर.

शनिवारी पंपवाले दादा कानखान्यात आले होते. पंपाच्या कारखान्याचा एवढा मोठा कारभार सांभाळतात, पण आमच्याकडे आले की मागच्या अंगणात हिरव्या खोक्यावरच बसतात, खुर्ची नको. तुझी आठवण काढत होते. तू त्याच खोक्यांवर वही ठेवून गणितं करायचीस आणि उत्तर चुकलं की खोक्याला लाथ मारायचीस.

नव्या जागी गेलीस. तर सांगतो, गेल्या गेल्या दुसऱ्याची फडताळं उघडून बघू नयेत. नेमून दिलेलं काम करावं, जेवायच्या वेळी जेवावं.

कानाचं बघू.

मामा


शुक्रवार, १९ जून

मामा,

तुझं उत्तर चार वेळा वाचलं. तू लिहिलंस म्हणजे तसंच असणार, तरीही पुन्हा विचारते. सुईबाईंच्या हातून शंभरातली चाळीस कामं चुकतात? त्यांच्या हातून टाका निसटलेला मी सहा वर्षांत एकदा पाहिलाय, त्या दिवशी त्यांना ताप होता.

मला टिपणात एकच वाक्य लिहायचंय आणि त्या वाक्यावर पुढचं बरंच अवलंबून आहे. कशासाठी ते विचारू नकोस, सांगता यायचं नाही. सही करून दिलीय तशी. फक्त एवढंच बघ की तू जे लिहिलंयस ते तसंच्या तसं लिहून टाकू का? पुढच्या मंगळवारी काही आलं नाही तर "हो" समजेन.

इथे सगळे फार गोड वागताहेत. मला ते आवडत नाहीये. दुपारचा डबा तसाच परत जातोय.

भाची


मंगळवार, ७ जुलै

चि. चौकशीस,

मुद्दामच लिहिलं नाही. हो म्हणजे हो. पण आज लिहिल्यावाचून राहवेना.

अगं, बुधवारी पाहुणे आले होते. धाकट्या साहेबांबरोबर तिघे. बूट असे चकचकीत की सुईबाई म्हणाल्या, यांना पायपुसण्यावर उभं करायलाही जीव होत नाही. त्यांनी खोलीची लांबी रुंदी मोजली, यंत्रांचे फोटो काढले, प्रत्येकीला विचारलं की इथे किती वर्षं झाली. एकाने सुईबाईंना दहा मिनिटं काम करायला लावलं आणि नुसता बघत उभा राहिला. पाहायला आल्यासारखंच की सगळं. मी मनात म्हटलं, माझ्या भाचीने टिपणात काहीतरी चांगलं लिहिलेलं दिसतंय. नवी इमारत नाही तर निदान नवे दिवे तरी नक्की. वीस वर्षं मी त्या दिव्यांसाठी अर्ज करतोय.

आदल्या दिवशी सगळ्यांनी मिळून खोली धुतली. दाराला रंग दिला. हिरवी खोकी उगीच डोळ्यांत येतात म्हणून मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये नेऊन वर ताडपत्री टाकली. खोली अशी मोकळी दिसत होती की माझी मलाच ओळख पटेना. जाताना धाकटे साहेब पाठीवर हात ठेवून म्हणाले, "मामासाहेब, छान ठेवलंय." त्यांनी मामा म्हटलं, म्हणजे तू सांगितलंस वाटतं. बरं केलंस.

मामीने तुझ्यासाठी लोकर आणली आहे. तुझ्या काचेच्या खोलीत गारठा असतो असं तिने कुठूनसं काढलंय.

मामा


शुक्रवार, १० जुलै
(टपालाने, घरच्या पत्त्यावर)

मामा,

हे पत्र पेटीतून पाठवत नाही. वाचलंस की फाड.

मी त्यांना काहीच सांगितलेलं नाही. तुला कारखान्यात सगळेच मामा म्हणतात म्हणून तेही म्हणाले असतील. आणि ते पाहुणे दिव्यांसाठी आले नव्हते. कानखाना विकायला काढलाय. ते घेणारे आहेत.

बस खाली आणि मग पुढचं वाच. कानखाना सात वर्षं तोट्यात आहे. घेणारी कंपनी आपल्यासारखेच पंप बनवते. विकल्यावर तेच आपल्याला कान पुरवतील, तीन वर्षांचा करार, त्यानंतर त्यांची मर्जी. मी टिपणात लिहिलं होतं की पंपाचं सगळं काम ज्या एका गोष्टीवर चालतं ती प्रतिस्पर्ध्याच्या हातात देणं म्हणजे घराची किल्ली शेजाऱ्याकडे ठेवून त्याच्याशीच भांडायला जाणं. धाकट्या साहेबांनी ते नीट वाचलं. ते वाईट माणूस नाहीत, मामा. मग त्यांनी फेरतपासणीवर बोट ठेवलं. म्हणाले, "शंभरातलं चाळीस वेळा चुकणारा विभाग जवळ ठेवून कसली किल्ली? पंपाच्या नकाशावरच लिहिलंय, कोणताही कान कोणत्याही पंपात चालतो. बाहेरून चांगला घेऊ."

तूच लिहिलं होतंस, चूक आमची. मी टिपणाचं शेवटचं वाक्य लिहिलं: विकावा. खाली माझी सही आहे.

२६ ऑगस्टला संचालक मंडळ बसणार आहे. घेणाऱ्यांना यंत्रं हवीत, खोली नको. तुमच्यातल्या किती जणांना ठेवतील ते मला माहीत नाही. सुईबाईंना ठेवतील असं वाटतं, म्हणूनच तो उभा राहून बघत होता.

मला काहीतरी लिही. रागाचं लिही, पण लिही.

भाची


शुक्रवार, ३१ जुलै

मामा,

तीन मंगळवार पेटी आली आणि तिन्हीत नुसते कान. मी झाकणाखाली, तळाशी, कागदाच्या घडीत, सगळीकडे बघितलं. गाडीवाले काका म्हणाले, मामा दिसतात पण बोलत नाहीत. मामीला फोन केला तर ती म्हणाली, "जेवतो, झोपतो, भिंतीकडे बघतो. तुमचं काय चाललंय ते मला कुणी सांगत नाही."

तू गप्प असलास की मला लहानपणापासून भीती वाटते. तू ओरडायचास तेव्हा कधी वाटली नाही.

सोमवारी सकाळी दात घासताना एक गोष्ट डोक्यात आली आणि मी ब्रश तसाच तोंडात धरून उभी राहिले. ती हिरवी खोकी. ती पंपाच्या कारखान्याची आहेत. त्यांत पंपाची मधली अंगं असतात, नळी आणि कान बसायची खाच असलेली. मी त्या खाचांत पेन्सिली उभ्या करायचे. पण मामा, कान तयार झाला की तो पंपाच्या कारखान्यात जायला हवा. पंपाची अंगं कानखान्यात कशाला येतात? नकाशात नाही, तक्त्यात नाही, कुठल्याच कागदावर नाही. मी तीन दिवस शोधलं.

आणि पाहुणे यायच्या आदल्या दिवशी तू नेमकी तीच ताडपत्रीखाली घातलीस.

का येतात ती? ह्या वेळी "सहज" म्हणत नाही.

भाची


मंगळवार, ४ ऑगस्ट

चि. चौकशीस,

विचारशील हे माहीत होतं. एवढा उशीर कसा केलास याचंच नवल.

अठरा वर्षांपूर्वी पंपाच्या अंगाचा साचा झिजला. खाच कुठे केसभर रुंद, कुठे केसभर अरुंद. कान सैल बसला तर त्याला बुडबुडा ऐकू येत नाही, घट्ट बसला तर साधं पाणीही बुडबुडा वाटतं. रुग्णालयांची मोठी मागणी तोंडावर होती आणि नवा साचा यायला चार महिने. मोठे साहेब तेव्हा होते. स्वतः आमच्या खोलीत आले, स्टुलावर बसले आणि म्हणाले, "एवढा हंगाम सांभाळून घ्या." मग आम्ही पंपाची अंगं इकडे मागवली. एकेका खाचेत एकेक कान बसवून बघायचा, नळीत पाणी सोडायचं, सिरिंजने बुडबुडा सोडायचा, ऐकतो का बघायचं. नाही ऐकला तर दुसरा कान, नाही तर तिसरा. याला आम्ही जोड लावणं म्हणतो. जोड लागली की दोघांवर एकच आकडा घालायचा आणि खोकं परत.

इतकं छान जमलं की नवा साचा कुणी मागवलाच नाही. मोठे साहेब गेले. तात्पुरतं म्हणून टाकलेला पत्रा आणि तात्पुरतं म्हणून घेतलेलं काम, दोन्ही आपल्यापेक्षा जास्त जगतात. तक्त्यात जोड लावण्याला रकाना नव्हता, म्हणून ते फेरतपासणीत घालायला लागलो. म्हणजे चूक पंपाची, नाव आमचं. दादांचा कारखाना नफ्यात दिसतो तो आमच्या त्या चाळीस तासांवर.

आता यापुढचं. दर दोन वर्षांनी प्रमाणपत्र नवं करावं लागतं. त्यात वाक्य आहे, कोणताही कान कोणत्याही पंपात चालतो. खाली तपासणी प्रमुखाची सही. नऊ वेळा केली मी. दादांचीही आहे. रुग्णालयाने सुटा कान मागितला तर मी देत नाही, पंपच पाठवा म्हणतो, इथे जोड लावून परत पाठवतो. लोक मला हेकट म्हणतात. पण बाहेर एकही बिनजोडीचा पंप गेलेला नाही, निदान माझ्या माहितीत. माझ्या माहितीबाहेर काही असेल का, या विचाराने तीन आठवडे भिंतीकडे बघतोय.

तू विचारलंस तेव्हा मी खोटं लिहिलं. मला वाटलं, माणसं कमी करायची असतील, फार तर बोलणी बसतील. विक्री डोक्यात आली नाही.

निवृत्तीला माझे आठ महिने उरलेत. दादांची दोन वर्षं. तुझ्यापुढे पदर पसरायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं, पण पसरतो. विक्री थांबेल असं काहीतरी लिही, तुझं डोकं चालतं. खोक्यांचं मात्र बोलू नकोस. आठ महिने.

मामा


शुक्रवार, ७ ऑगस्ट

मामा,

तुझं पत्र वाचून मी खाली तळमजल्यावर गेले. तिथे काचेच्या कपाटात दाखवायला ठेवलेले दहा पंप आहेत. त्यांचे कान काढले आणि मंगळवारच्या पेटीतले बसवले, जसे हाताला लागले तसे. म्हणजे घेणारी कंपनी उद्या बसवेल तसेच. नळी, पाणी, सिरिंज. तू शिकवलंस तसा एकच बुडबुडा, मुगाच्या दाण्याएवढा.

सात थांबले. तीन चालत राहिले.

पुन्हा केलं. तेच तीन. मामा, मी त्या नळीकडे बघत होते. बुडबुडा निघाला, कानापाशी आला, पुढे गेला आणि पंपाचा हिरवा दिवा तसाच चालू. नळीच्या पुढे काही नव्हतं, नुसती बादली होती. तरी मी बटण दाबून पंप बंद केला.

नाही. मी गप्प बसणार नाही. तू मागितलंस आणि मी दिलं नाही, असं आयुष्यात पहिल्यांदा होतंय आणि मला त्याचं फार वाईट वाटतंय. पण कानखाना विकला तर पुढच्या वर्षी असे पंप शेकड्यांनी बाहेर पडतील आणि खाली तुझंच प्रमाणपत्र असेल. तेव्हा तू घरी बसलेला असशील. तुला ते चालेल? मला माहीत आहे, चालणार नाही. म्हणून तर तू भिंतीकडे बघतोयस.

काल धाकट्या साहेबांना सांगितलं की तपासणी प्रमुख माझा सख्खा मामा आहे. खोक्यांचं बोलले नाही, आधी तुला कळवायचं होतं. त्यांनी टिपण मागवून त्याखालची माझी सही बघितली. मग म्हणाले, "हे टिपण हातात घेण्याआधी सांगायचं होतं." बरोबर आहे त्यांचं. आता मी काहीही म्हटलं तरी भाची मामाला वाचवतेय असंच होणार. दहा पंप आणि एक भाची, एवढ्यावर मंडळ ऐकणार नाही.

तू लिहून ठेवलेलं असणार. कोणता कान कोणत्या पंपाला, हे लिहिल्याशिवाय तुला झोप लागत नाही, मी ओळखते तुला. त्या वह्या दे. दिल्यास तर तुझ्या नऊ सह्याही बाहेर येतील. ते मला कळतं, आणि तरी मागतेय.

तू नाही दिल्यास तरी २६ तारखेला मी उभी राहणार आहे.

भाची


मंगळवार, १८ ऑगस्ट

चि. चौकशीस,

अकरा दिवस लागले. पहिले चार दिवस तुझं नाव काढलं की उठून बाहेर जात होतो.

मग मामीला सगळं सांगितलं, पहिल्यापासून. मला वाटलं, रडेल. तिने भाजी चिरायची थांबवली आणि म्हणाली, "अठरा वर्षं रोज खरं काम केलंस आणि दोन वर्षांतून एकदा खोटी सही केलीस. काम लपवलंस आणि सही दाखवलीस. उलटं करायचं होतं ना?" आणि पुन्हा चिरायला लागली. बाईने मला चाळीस वर्षांत एवढं सोपं करून कधी काही सांगितलं नव्हतं.

दादांकडे गेलो. मी पत्र देणार आहे, तुम्हीही द्या, म्हटलं. दादांनी दार लावून घेतलं. खिडकीतून म्हणाले, "तुझ्या भाचीला मी सायकल शिकवली." परत आलो. मैत्री गेली बहुतेक.

सुईबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "बरं झालं. माझ्या हातून चाळीस चुका होतात असं तुम्ही लिहून दिलंत, ते मला गाडीवाल्यांकडून कळलं होतं. दोन महिने तुमच्याशी बोलावंसं वाटत नव्हतं." आणि मला त्याचा पत्ताच नाही. मला वाटत होतं, त्यांचा घसा बसलाय.

आज पेटीबरोबर एक हिरवं खोकंही पाठवतोय. त्यात एकोणीस वह्या आहेत. प्रत्येक जोड, तारीख, कानाचा आकडा, पंपाचा आकडा, कितव्या कानाला लागली ते. पहिल्या तीन वह्या तुझ्याच आहेत, शाळेतल्या. मागची पानं कोरी होती, वाया कशाला घालवायची? पहिलीत पुढून तुझा भूगोल आहे, तेवढा सांभाळून घे.

वर एक बंद पाकीट आहे, धाकट्या साहेबांच्या नावाचं. सह्यांचं मी स्वतः लिहिलंय. तू सांगायचं नाहीस. तुझ्या तोंडून यायला नको, माझ्याच हाताने जाऊ दे.

२६ तारखेला पोटात काहीतरी घालून जा.

मामा


शुक्रवार, २८ ऑगस्ट
(टपालाने)

मामा,

तुला काल कागद मिळाला असेल. त्याचं शेवटी लिहिते, आधी बाकीचं सांगते. नाही तर मला लिहिताच यायचं नाही.

धाकट्या साहेबांनी तुझं पत्र आदल्या दिवशीच वाचलं होतं. मंडळापुढे मी दहाच्या दहा पंप मांडले आणि सगळ्यांच्या समोर बुडबुडे सोडले. तेच तीन चालत राहिले. एकाने विचारलं, पाणी बरोबर आहे ना? मग वह्या. साहेबांनी पहिली वही उघडली आणि पुढूनच उघडली. दोन मिनिटं ते माझा भूगोल वाचत होते. नद्या कुठून कुठे वाहतात ते. मी म्हटलं, मागून बघा. त्यांनी मागून बघायला सुरुवात केली आणि मग एकोणीसच्या एकोणीस चाळल्या. चहा गार झाला.

शेवटी म्हणाले, "म्हणजे आपण तोट्यातला विभाग विकायला निघालो नव्हतो. आपला पंप विकायला निघालो होतो आणि आपल्याला ते माहीत नव्हतं."

कानखाना विकायचा नाही, असं ठरलं. नवा साचा मागवलाय. तो येईपर्यंत जोड लावायचं काम उघड होणार, तक्त्यात वेगळा रकाना, पंपाच्या कारखान्याच्या नावावर. बाहेरचे सगळे पंप वह्यांशी ताडून बघायचेत. फोनवरून आकडे विचारून आतापर्यंत दोनशे झाले, एक सोडून सगळ्यांच्या जोड्या बरोबर. एका ठिकाणी कुणी परस्पर कान बदलला होता, तो पंप वापरात नव्हता, कपाटात होता. मी ते ऐकून जिन्यात जाऊन बसले.

आता तुझ्या कागदाचं. एक सप्टेंबरपासून तू आणि दादा रजेवर, चौकशी पुरी होईपर्यंत फाटकाच्या आत यायचं नाही, पेन्शनचं त्यानंतर. मी म्हटलं, ज्याच्या वह्यांवर तुम्ही आज उभे आहात त्याला आत येऊ द्यायचं नाही? साहेब म्हणाले, "वह्या खऱ्या आहेत म्हणून कानखाना राहिला. सह्या खोट्या आहेत म्हणून ते राहू शकत नाहीत. तुम्हीच सांगा, मी दुसरं काय करू?" मला दुसरं काही सुचलं नाही. त्याचाही मला राग येतोय.

आणि एक, जे सांगायला जीभ रेटत नाही. नातं आधी सांगितलं नाही म्हणून नियोजनातून मला काढलंय. सहा महिने कानखान्यात पाठवताहेत, जोड लावायचं सगळं काम कागदावर आणायला. तुझ्या खोलीत, तुझ्या टेबलावर. नाही म्हणायचं होतं. पण मग कोण जाणार, ज्याला त्या खाचांत पेन्सिलसुद्धा कधी उभी करता आली नाही असा कुणीतरी.

रागावला आहेस का?

भाची


रविवार, ६ सप्टेंबर
(टपालाने)

चि. चौकशीस आशीर्वाद.

ह्या वेळी खरं उत्तर देतो. हो, रागावलोय. तुझ्यावर थोडा, माझ्यावर जास्त, आणि मोठ्या साहेबांवर सगळ्यात जास्त, पण त्यांना आता कुठल्या पत्त्यावर लिहू? सकाळी सात वाजले की पाय चपलेत जातात. मंगळवारी कारखान्याच्या फाटकापर्यंत गेलो आणि परत आलो. पहारेकऱ्याने मान खाली घातली. त्याचीही पंचाईत. आता त्या रस्त्याने जात नाही. मामी म्हणते, चौकशी बसली तर बसू दे, एक चौकशी तर आपण घरातच वाढवली, सवय आहे.

दादा काल घरी आले होते. अंगणाच्या फाटकाबाहेरच उभे होते. मी खुर्ची नेली तर नको म्हणाले. बोललो नाही आम्ही काही, पण अर्धा तास उभे होते. बघू.

आता नीट वाच. तिसरा खण ओढून उघडू नकोस, आधी वर उचल आणि मग ओढ. सुईबाईंना दुपारी दोननंतर टाचायचं काम देऊ नकोस, त्या नाही म्हणणार नाहीत, म्हणून तूच देऊ नकोस. जोड लावताना पहिला कान बसला तरी लगेच आकडा घालायचा नाही, तीनदा बुडबुडा सोडायचा, तिसऱ्यांदा डोळे मिटून मनात पाच आकडे मोजून मग बघायचं. हे वह्यांत लिहिलेलं नाही, हे लिही. नवे दिवे आले तर टेबलाच्या डाव्या अंगाला लावून घे. अर्ज माझे आहेत, पण उजेड तुझ्या उपयोगी पडेल. आणि कागदावर सही करताना वरचं वाक्य दोनदा वाचत जा. कंटाळा आला तरी वाच.

पुढच्या शनिवारी तुला सुट्टी आहे का? मामीने कानाच्या डॉक्टरची वेळ घेतली आहे, साडेदहाची. मी जाणार आहे. पण तो काय सांगेल ते मला नीट ऐकू येणार नाही आणि मी आपला हो हो म्हणून परत येईन. तू बरोबर चल, आणि त्याला सगळं विचार.

मामा